उद्योगाच्या अंगणांत : नऊ पिनांचें दार

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांमध्यें अलीकडे एका जातीचीं पत्रें वाढूं लागलीं आहेत, व त्यांतील मजकूर परस्परांशीं इतका मिळता असतो कीं, एकास दिलेल्या उत्तरानें अनेकांचें काम व्हावें. कारखाना लहान, बहुधा घरचाच. पंधरावीस माणसें कामाला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं घेतलेलें प्लास्टिक ओतण्याचें किंवा कापड रंगविण्याचें एखादें यंत्र. आणि तें अद्याप ठणठणीत. त्याच्या पॅनेलमधील पी.एल.सी.वर एक तांबडा दिवा लागूं लागला म्हणून नव्या लॅपटॉपनें तपासावयास जावें, तों लॅपटॉपास ती जुनी केबल लावावयास जागाच नाहीं. ज्या गृहस्थांनीं हें सर्व प्रथम बसविलें ते निवृत्त होऊन गांवीं गेलेले. आणि विक्रेत्याचा मनुष्य येऊन सांगतो कीं, आतां हें सगळें काढून नवें बसवा. यंत्र मोडीत काढावें काय, असा प्रश्न पत्राच्या शेवटीं असतो.

आमचें उत्तर असें कीं, तूर्त काढूं नये. आणि त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे तूर्त तें बंदहि करूं नये. तो तांबडा दिवा पुष्कळ वेळां आंतील बॅटरी संपत आल्याची खूण असतो. त्या काळच्या अनेक पी.एल.सी.मध्यें यंत्र चालविण्याचा सारा प्रोग्रॅम अशा स्मृतींत ठेवलेला असे कीं, जी विजेवांचून टिकत नाहीं. पॅनेल चालू आहे तोंवर ती पॅनेलच्या विजेवर जगते, व पॅनेल बंद झाल्यावर एका लहानशा लिथियमच्या बॅटरीवर. बॅटरी संपलेली, आणि साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्रीं नेहमींप्रमाणें मेन स्विच खालीं ओढलेला, असा योग जुळून आला म्हणजे सुट्टीनंतरच्या सकाळीं यंत्र जागच्या जागीं असतें, मोटारी जागच्या जागीं असतात, परंतु कोणती मोटार केव्हां फिरावयाची हें सांगणारें कोणी उरलेलें नसतें. ज्यांत कायम टिकणारी चिप बसविलेली असते त्यांना हें भय नाहीं. पण आपल्या यंत्रांत ती आहे कीं नाहीं याची खात्री होईपर्यंत ती नाहीं असेंच समजून चालावें. म्हणून दिवा दिसतांच पॅनेल चालू ठेवून प्रथम आंतील प्रोग्रॅमची नक्कल बाहेर काढून घ्यावी. पुढील सर्व विवेचन या एका कामासाठीं आहे.

ज्यांच्या घरीं या विषयाचा परिचय नाहीं त्यांच्याकरितां पी.एल.सी. म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पूर्वीं मोठ्या यंत्रांचें नियंत्रण शेंकडों रिले एकमेकांस तारांनीं जोडून होत असे. कामाचा क्रम बदलावयाचा म्हणजे त्या तारा उकलून पुन्हां बांधावयाच्या. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागास मोटारीची नवी जात निघाली कीं हा व्याप करावा लागे, व तो असह्य होऊन १९६८ सालीं त्यांनीं रिलेच्या जागीं कांहीं निराळें मिळेल काय अशी विचारणा केली. बेडफर्ड असोशिएट्स या लहानशा संस्थेनें, डिक मोर्ली यांच्या पुढाकारानें, जें यंत्र तयार केलें त्यास ०८४ असें नांव पडलें, कारण तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. यांतूनच पुढें मॉडिकॉन कंपनी उभी राहिली. उष्णता, धूळ आणि धक्के यांत वर्षानुवर्षें चालावें, आणि ज्या विद्युत्-कामगारांस रिलेचे नकाशे वाचतां येतात त्यांस याचाहि प्रोग्रॅम वाचतां यावा, अशी त्याची बांधणी होती. शिडीसारख्या दिसणाऱ्या त्या आकृत्या आजहि प्रचारांत आहेत.

अशा रीतीनें जें यंत्र तीस वर्षें चालावें म्हणून घडविलें, त्याची गांठ पांच-सहा वर्षांत बदलणाऱ्या लॅपटॉपशीं पडली आहे. दोघांचें बोलणें ज्या दारांतून व्हावयाचें तें दार म्हणजे सीरियल पोर्ट.

या दाराचें कुळ संगणकाहून जुनें आहे. फ्रान्सच्या तारखात्यांतील एमिल बोदो यांनीं १८७४ सालीं आपल्या पांच चिन्हांच्या तारयंत्राचें पेटंट घेतलें. त्यांच्याच नांवावरून वेग मोजण्याचें ‘बॉड’ हें परिमाण पडलें, आणि आज पॅनेलपुढें बसलेला तरुण ‘बॉड रेट काय ठेवला आहे?’ म्हणून विचारतो तेव्हां तो नकळत त्यांचेंच नांव घेत असतो. पुढें टेलिप्रिंटर आले. एका तारेवरून अक्षराचे तुकडे एकापाठोपाठ एक पाठवावयाचे. अक्षर सुरू होतांना एक खूण, मग सात किंवा आठ बिट, हवी असल्यास पडताळ्यासाठीं एक पॅरिटी, आणि संपल्याची एक खूण. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. परंतु तिची ही रीत आपल्या कारखान्यांच्या पॅनेलांत अद्याप चालूच आहे. ९६०० बिटांचा वेग ठेवला, व प्रत्येक अक्षरास सुरुवात-शेवट धरून १० बिट लागले, तर सेकंदास ९६० अक्षरें जातात. आजच्या मुलांस हा वेग हास्यास्पद वाटेल, पण मोटार चालू करा किंवा थांबवा एवढेंच सांगावयाचें असतां याहून अधिक घाई कोणाला आहे?

आर.एस. २३२ या नांवानें अमेरिकेंत १९६० सालीं या जोडणीचे नियम ठरले व १९६९ मध्यें त्यांची ‘सी’ आवृत्ति निघाली. त्यांत एक विलक्षण गोष्ट अशी कीं, ‘एक’ दाखवावयाचा तर तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘शून्य’ दाखवावयाचें तर अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. म्हणजे आपल्या सहज समजुतीच्या उलट. तार सुमारें १५ मीटरांहून लांब नसावी असा संकेत होता. आय.बी.एम. कंपनीच्या १९८४ च्या पी.सी. ए.टी. संगणकावर याचें नऊ पिनांचें आटोपशीर दार आलें, व पुढें वीस वर्षें तें प्रत्येक संगणकाच्या पाठीवर दिसे. १९९६ मध्यें यू.एस.बी. निघाली, आणि त्यानंतर हळूहळू लॅपटॉपांवरून हें दार नाहींसें झालें. लॅपटॉप बनविणाऱ्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं; घरोघरीं जे लॅपटॉप घेतात त्यांपैकीं शेंकड्यांनीं किती जणांस पी.एल.सी.शीं बोलावयाचें असतें?

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. केबल विकत घेण्यापूर्वीं पी.एल.सी.चें नांव व क्रमांक नीट वाचून घ्यावा. छिद्रांच्या आकारावरून तर्क करूं नये, कारण आकार फसवितो. सीमेन्सच्या एस ७-२०० वर नऊ छिद्रांचें दार असतें. तें पाहून कोणासहि वाटावें कीं हा जुन्या संगणकाचाच पोर्ट. वस्तुतः तो आर.एस. ४८५ जातीचा असतो, आणि त्याच्या एका पिनेवर २४ व्होल्ट उभे असतात. त्यासाठीं पी.पी.आय. नांवाची निराळी केबल मिळते, तीच वापरावी. त्याच कंपनीच्या त्याहून जुन्या एस ५ मालिकेला पंधरा पिनांचें दार आहे. तेथें व्होल्टांचा प्रश्नच नसून २० मिलिअँपिअरचा प्रवाह सुरू किंवा बंद करून अक्षरें पाठविलीं जातात, जी जुन्या टेलिप्रिंटरचीच चाल होय. मित्सुबिशीच्या एफ.एक्स. मालिकेस आठ पिनांचें गोल छिद्र, तें आर.एस. ४२२ चें. ॲलन-ब्रॅडलीच्या एस.एल.सी. ५/०३ वर तर दोन दारें असतात: एक खरोखर आर.एस. २३२ चें, नऊ पिनांचें. आणि दुसरें हुबेहूब कचेरींतील नेटवर्कच्या केबलसारखें, पण नेटवर्कशीं त्याचें कांहींहि नातें नसतें. उत्साही मुलें तेथें नेटवर्कची केबल घालून पाहतात, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

आर.एस. ४२२ व ४८५ यांत प्रत्येक संदेश दोन तारांमधील फरकानें जातो. बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येत असल्यानें फरक घेतांना तो वजा होतो, व त्यामुळें १२०० मीटरांपर्यंतहि संदेश शाबूत पोंचतो. साध्या आर.एस. २३२ च्या कन्व्हर्टरला हें जमत नाहीं. कन्व्हर्टर घेतांना पेटीवर २३२ लिहिलें आहे कीं ४८५ तें पाहावें.

यू.एस.बी. लॅपटॉपाच्या बाजूस आणि सीरियल यंत्राच्या बाजूस, अशी कन्व्हर्टर-केबल बाजारांत कांहीं शें रुपयांस मिळते. हिचें सर्व मर्म तिच्या पोटांतील चिपमध्यें असतें. ग्लासगो येथील एफ.टी.डी.आय. कंपनीची चिप आम्हांस सर्वांत भरंवशाची वाटते. पण तिच्या नकला अमाप आहेत, आणि नकलेपायीं काय होऊं शकतें याचें उदाहरण २०१४ सालीं जगानें पाहिलें. त्या वर्षीं या कंपनीचा जो नवा ड्रायव्हर विंडोजच्या अद्ययावतीकरणांतून आपोआप घरोघरीं पोंचला, तो नकली चिप ओळखून तिचा ओळख-क्रमांकच शून्य करून टाकी. मग ती चिप कोणत्याहि संगणकास दिसेनाशी होई. फार ओरड झाल्यावर कंपनीनें तो ड्रायव्हर मागें घेतला. प्रोलिफिकच्या चिपांचीहि अशीच कथा असून नव्या विंडोजवर त्यांच्या जुन्या चिपा चालत नाहींत. कंपनीचा राग योग्य असेल. परंतु ज्यानें दुकानांत खरी म्हणून पैसे मोजून केबल घेतली, त्याचें यंत्र बंद पाडून लबाडास शासन कसें होतें, हें आम्हांस समजलेलें नाहीं. आमची सूचना एवढीच कीं, दोनशें रुपये वांचविण्याची ही जागा नव्हे.

केबल लावली, ड्रायव्हर बसला, तरी जुना प्रोग्रॅम पोर्ट सांपडत नाहीं म्हणून सांगतो. याचें एक साधें कारण असें कीं, नवा लॅपटॉप त्या केबलला कॉम ११ किंवा कॉम १७ असा क्रमांक देतो आणि जुन्या प्रोग्रॅमांपैकीं कित्येकांस पहिल्या चारांपलीकडे मोजतां येत नाहीं. डिव्हाइस मॅनेजरमध्यें जाऊन तो क्रमांक चारांच्या आंत आणावा. जोडणी मध्येंच तुटत असेल तर त्याच ठिकाणीं ‘लेटन्सी’ म्हणून एक आंकडा असतो, एफ.टी.डी.आय.च्या केबलवर तो १६ मिलिसेकंद असतो, तो १ करून पाहावा. हट्टी पी.एल.सी. एवढ्यानें शांत झालेले पुष्कळांच्या अनुभवास आले आहेत. केबलविषयींच शंका असेल तर तिच्या यंत्राकडील टोंकाच्या २ व ३ या पिना तारेच्या तुकड्यानें जोडून लॅपटॉपवर कांहीं अक्षरें टाइप करावीं. तीं परत आलीं तर लॅपटॉप, ड्रायव्हर व केबल निर्दोष, आणि दोष पुढें शोधावयाचा. मग बॉड रेट, बिट व पॅरिटी पुस्तिकेंत पाहून जुळवावीं. उदाहरणार्थ, वर सांगितलेल्या एफ.एक्स.ला सात बिट व सम पॅरिटी लागते, आठ ठेवल्यास ती मौनव्रत धरते.

डॉसच्या काळांतील प्रोग्रॅमांची गोष्ट निराळी. ते विंडोजला न विचारतां थेट पोर्टच्या चिपशीं बोलत, आणि कन्व्हर्टरमध्यें ती चिप त्या जागीं नसतेच. अशांसाठीं खरा सीरियल पोर्ट असलेला जुना संगणक हाच सरळ उपाय. आजच्याहि कांहीं डेस्कटॉप संगणकांच्या मदरबोर्डवर तो पोर्ट असतो, फक्त बाहेर काढलेला नसतो. हें अनेकांस माहीत नसतें. एस.एल.सी.साठीं पूर्वीं जी १७४७-पी.आय.सी. नांवाची डबी वापरीत, तीहि यू.एस.बी. कन्व्हर्टरवर चालत नाहीं, तिच्याऐवजीं १७४७-यू.आय.सी. घ्यावी.

लॅपटॉप जोडण्यापूर्वीं त्याचा चार्जर काढून ठेवावा आणि बॅटरीवर काम करावें. चार्जरच्या वाटेनें लॅपटॉपाचें अर्थिंग एकीकडे आणि पॅनेलचें दुसरीकडे असें झालें, व दोहोंत कांहीं व्होल्टांचें अंतर असलें, तर तो प्रवाह बिचाऱ्या केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतो. कधीं लॅपटॉपाचा, कधीं पी.एल.सी.चा. लॅपटॉपाचा जळला तर दुसरा मिळतो. वारंवार काम पडत असेल त्यांनीं आयसोलेटेड जातीचा कन्व्हर्टर घ्यावा. त्यांत दोन्ही बाजूंमध्यें विजेचा प्रत्यक्ष संबंध राहत नाहीं. उघड्या पॅनेलमध्यें ४१५ व्होल्ट असतात हें सांगणें नको. दार उघडावयाचें तें परवानाधारक इलेक्ट्रिशियननें.

एवढें सर्व जमून जोडणी झाली म्हणजे खरा धोका पुढें येतो, आणि तो विजेचा नसून शब्दाचा आहे. आपण मोबाइलवर एखादी वस्तु ‘डाउनलोड’ करतों ती आपल्याकडे येते. पी.एल.सी.च्या परिभाषेंत बरोबर याच्या उलट आहे. येथें पी.एल.सी. खालीं व संगणक वर असें मानतात. म्हणून ‘अपलोड’ म्हणजे पी.एल.सी.मधून संगणकांत घेणें, आणि ‘डाउनलोड’ म्हणजे संगणकांतील पी.एल.सी.मध्यें घालणें. नक्कल काढून घ्यावयास आलेला मुलगा घरच्या संवयीनें डाउनलोड दाबतो, आणि लॅपटॉपावरचें कोरें पान पंचवीस वर्षांच्या प्रोग्रॅमवर लिहिलें जातें. सुदैवानें बहुतेक प्रोग्रॅम त्या वेळीं, प्रोसेसर थांबवावयाचा आहे, चालेल ना, असें विचारतात. नक्कल वाचून घेण्यास यंत्र सहसा थांबवावें लागत नाहीं. तेव्हां हा प्रश्न पडद्यावर आला कीं आपण चुकीच्या दारांत उभे आहों हें ओळखून ‘नाहीं’ म्हणावें. मित्सुबिशीवाल्यांनीं या दोन शब्दांऐवजीं ‘वाचणें’ व ‘लिहिणें’ असे साधे शब्द योजले, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

नक्कल निघाली, पण ती उघडून पाहिली म्हणजे पुष्कळांची निराशा होते. शिडीचीं पावलें सर्व असतात, परंतु त्यांवर नांवें नसतात. हा तिसरा इनपुट म्हणजे दाराचा स्विच कीं तेलाची पातळी? बसविणाऱ्यानें ज्या टीपा लिहिल्या होत्या त्या बहुतेक जुन्या जातींत पी.एल.सी.मध्यें जातच नसत. त्या त्याच्या स्वतःच्या संगणकावर राहत. म्हणून आम्ही पत्रलेखकांस विचारतों कीं, ते निवृत्त गृहस्थ कोठें असतात? त्यांना फोन करावा, नव्हे, जाऊन भेटावें. कपाटांत एखादी सी.डी., एखादी वही, एखादा बंद पडलेला लॅपटॉप असावयाचा संभव फार आहे. नसला तरी नक्कल छापून त्यांच्यापुढें ठेवली, तर ही ओळ आपण कां घातली हें त्यांस आठवतें. अमुक वॉल्व्ह पावसाळ्यांत अडकत असे म्हणून हे दोन सेकंद वाढविले, अशा गोष्टी दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? त्या तेथल्या तेथें पेन्सिलीनें लिहून घ्याव्या. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या कित्येक मुलामुलींस पॅनेलपुढें उकिडवें बसण्याचें हें काम हलकें वाटतें, आणि त्यांच्या आईबापांस तर त्याहून अधिक. वातानुकूलित कचेरींत बसून दुसऱ्या देशांतील दुकानाचे हिशेब जुळविण्यापेक्षां हें हलकें कसें, तें त्यांनीं आम्हांस समजावून द्यावें.

नक्कल हातीं आल्यावर बॅटरी बदलावी. कित्येक पी.एल.सी.मध्यें ती पॅनेल चालू असतांनाच बदलावयाची असते, कांहींत बंद करून थोड्या मिनिटांत. पुस्तिका पाहिल्यावांचून हात लावूं नये.

यंत्र काढून नवें बसवावें कीं काय, या मूळ प्रश्नाचा विचार यानंतर शांतपणें करतां येतो. एस ७-२०० सारख्या मालिका कंपनीनें बंद करून त्यांच्या जागीं नव्या आणल्या आहेत. जुनीं कार्डें मोडबाजारांतून मिळतात, पण तीं किती दिवस मिळतील यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. तेव्हां विक्रेता खोटेंच बोलतो असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र पी.एल.सी. बदलणें म्हणजे सारें यंत्र बदलणें नव्हे. लोखंड, मोटारी व साचे तेच ठेवून फक्त नियामक नवा बसवितां येतो, आणि टीपांसह नक्कल जवळ असली तर तें काम निम्म्या त्रासांत होतें. ती नसली तर नव्या मनुष्यास यंत्रापुढें उभें राहून तें काय काय करतें हें डोळ्यांनीं पाहून सर्व पुन्हां लिहावें लागतें, आणि तेवढे दिवस पंधरा माणसें रिकामीं बसतात.

नकलेच्या दोन प्रती असाव्या, एक कारखान्यांत व एक घरीं. ज्या लॅपटॉपावर जुना प्रोग्रॅम चालतो तो विकूं नये, इंटरनेटलाहि जोडूं नये, आणि त्याच्या डिस्कची संपूर्ण नक्कल घेऊन ठेवावी. कारण कित्येक जुन्या प्रोग्रॅमांचा परवाना त्या डिस्कवर किंवा फ्लॉपीवरच असतो, व ती गेली म्हणजे प्रोग्रॅमहि गेला. केबल पिशवींत घालून पॅनेलच्या दाराच्या आंतल्या बाजूस टांगावी, व पिशवीवर पी.एल.सी.चा क्रमांक, बॉड रेट, पॅरिटी आणि बॅटरी बदलल्याची तारीख लिहावी. पासवर्ड घालून ठेवलेल्या पी.एल.सी.संबंधानेंहि तिघांचौघांनीं विचारिलें आहे. तो प्रश्न मालकीचा व कायद्याचा असल्यामुळें त्याविषयीं पुढील अंकीं लिहूं.